कोर्लईला जायचंय? मग चौलपासून सुरुवात करा

माझं आजोळ चौलचं. मे महिन्यात गिरगावातून निघताना आई पहाटे उठून दशम्या करायची आणि बोटीत बसल्याबसल्या आम्ही त्या संपवायचो. आता माझ्याकडे ऑफिसातली, सोसायटीतली माणसं विचारायला येतात, "काशीदला चाललोय, वाटेत कोर्लईचा किल्ला उरकून घेऊ का?" मी सांगते, उरकू नका. दोन दिवस काढा आणि चौल, रेवदंडा, कोर्लई याच क्रमाने जा. ही तिन्ही गावं रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी एकाच जुन्या बंदराच्या आधाराने वाढली. चौल-रेवदंडा पाहून कोर्लईत गेलात, तरच तिथल्या माणसांच्या तोंडची पोर्तुगीज वळणाची भाषा कुठून आली ते उमजतं.

शनिवारी गेटवेवरून पहिली बोट धरा. तासाभरात मांडवा येतं. तिथून अलिबागच्या बसचे पैसे बोटीच्या तिकिटातच धरलेले असतात, बोटीत बसण्याआधी एकदा विचारून घ्या. अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याची किंवा मुरुडची एसटी घ्या. मुरुडची गाडी चौल, रेवदंडा करत पुलावरून कोर्लईकडे जाते, म्हणून गाडी स्वतःची नसली तरी अडत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. तसंही निसरड्या तटांवर तेव्हा जाऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

तारीख ठरवताना कालनिर्णय काढून तिथी बघा. आजोबा सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तीनच्या सुमाराला ओहोटी. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट खालून बघायला दुपारची ओहोटी लागते, म्हणून द्वादशी-त्रयोदशीच्या जवळचा शनिवार मी निवडते.

चौलला सकाळ द्या. रामेश्वराच्या देवळासमोर पुष्करिणी आहे आणि आत पर्जन्य, अग्नी आणि वायू अशी तीन कुंडं. पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची रीत आहे. एरवी वरून बंद असतं, तेव्हा नुसती फरशी दिसली म्हणून हिरमुसू नका. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या असतील तर उन्हाआधी चढा. दत्तजयंतीची जत्रा बघायची असेल तर खास जत्रेसाठीच या, त्या गर्दीत बाकी काही होत नाही. मग वाड्यांमधून पायी फिरा. नारळी-पोफळीखाली दुपारीही गारवा असतो. वाडी कुणाच्या तरी मालकीची असते, म्हणून बेड्याजवळून, म्हणजे फाटकापासूनच, हाक मारून विचारा. आजीच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली असायची आणि परकी माणसं ती तुडवत फोटो काढायची. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

रेवदंड्यात एसटी थेट किल्ल्याच्या तटातूनच आत शिरते. पुष्कळांना आपण किल्ल्यात आलो हे कळतच नाही. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने इथे बांधकाम सुरू केलं आणि १७४० पर्यंत ते इथे होते. दरवाजावर त्यांचं राजचिन्ह कोरलेलं आहे. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उभे आहेत. आत शिरून वर चढायचा मोह टाळा, बांधकाम खिळखिळं झालंय. ओहोटीला तटाबाहेर वाळूत उभं राहून कोर्लईच्या डोंगराकडे बघा. १५०८ मध्ये याच मुखात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा इथेच पडला. त्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौल बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. शाळा भरलेली असेल तर आधी परवानगी घ्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळही गावात आहे. शनिवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मुक्काम रेवदंड्यात किंवा चौलला घरगुती ठिकाणी करा आणि जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगा, आयत्या वेळी ताजी मासळी मिळेलच असं नाही.

रविवारी पहाटे पूल ओलांडून कोर्लई. कोळीवाड्यातून दीपगृहाकडे रस्ता जातो आणि तिथून किल्ल्याच्या पायऱ्या. वाटेत मासळी वाळत असते, गाडी गावाबाहेरच ठेवा. किल्ला निजामशाहीचा होता, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. माथा लांबट आणि चिंचोळा, दरवाज्यामागून दरवाजे आणि छप्पर उडालेलं चर्च. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा वळणदार किनारा. पाणी बरोबर न्या, टोपी विसरू नका आणि नऊच्या आत खाली उतरा.

कारण खरं बघायचं ते खाली, गावात आहे. कार्मेल माउलीच्या चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीत सुमारे हजारभर माणसं 'नोलिंग' बोलतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. १७४० नंतर पोर्तुगीज राज्याशी संबंध तुटला, तरी ती घराघरांत टिकली. पहिल्यांदा गेले तेव्हा ओट्यावरच्या एका मावशींना मी थेट म्हटलं, "बोलून दाखवा ना." त्या काही न बोलता आत गेल्या. चूक माझीच होती. पुढच्या खेपेला मी त्यांच्याकडून भाजी घेतली, चौलच्या आजीचं नाव सांगितलं, थोडा वेळ बसले. मग त्यांनीच विचारलं, "किल्लीला तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "चावी." त्यांनी सांगितलेला शब्द आमच्या चावीची सख्खी बहीणच होता. मग पाव, बटाटा, बादली, घमेलं, बिजागरी, पगार असे पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द आम्ही दोघी मोजत बसलो.

तुम्हीही असंच करा. मराठीत बोला, त्यांची मराठी उत्तम आहे, चर्चमधली प्रार्थनासुद्धा मराठीत होते. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी आत जायचं असेल तर मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको आणि लहान मुलांचं तर नकोच. वेळ सांगून जाऊ नका, गप्पा रंगल्या तर रंगू द्या. फक्त मांडव्याच्या शेवटच्या बोटीची वेळ शनिवारीच विचारून ठेवा आणि दोनच्या आसपास कोर्लई सोडा. मुरुडकडून येणारी एसटी रविवारी भरून येते, पहिली चुकली तर दुसरीसाठी हाताशी वेळ हवा. भाजी पिशवीत वरती ठेवा. गिरगावात पोचेपर्यंत माझी वांगी एकदा पार चेपली होती.