पापणी भाजल्यावर ग्राफ्टिंग करायचंय? या चुका टाळा

गुऱ्हाळात काहिलीतला रस उडाला, गॅसचा भडका झाला, फटाका तोंडाजवळ फुटला, कारण काहीही असू दे, घरच्यांचं सगळं लक्ष चेहऱ्यावरच्या डागांकडं जातंय आणि झोपेत डोळा पूर्ण मिटतोय का हे कुणी बघतच नाही. खरं नुकसान तिथंच होतंय. भाजलेली कातडी भरताना आखडते, पापणी ओढली जाते, खालच्या पापणीची कड बाहेर उलटते, मग बुबुळ उघडं राहून सुकतं, जखम होते, फूल पडतं. अंगावरची दुसरीकडची कातडी काढून तिथं बसवून, म्हणजे ग्राफ्टिंग करून, पापणी परत करता येते हो, पण गेलेली नजर आणणं लय अवघड. म्हणून रात्री पेशंट झोपल्यावर टॉर्च लांब धरून बघा, फट दिसली तर सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या.

भाजल्या भाजल्या हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका, साधं वाहतं पाणी २० मिनिटं. आपल्याकडं तंबाखूच्या चुन्याची पुडी घरोघरी, आणि पोरं ती दाबतात की सरळ डोळ्यात जाते. चुना गेला तर गाडी शोधण्याआधी डोळा धुवायला लागा, अर्धा तास तरी, पापणी उलटून कण काढत. मेडिकलातून लाल डोळ्याचा म्हणून स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घालू नका, बुबुळावर जखम असेल तर त्यानं डोळा जाऊ शकतो.

"व्रण पिकू दे, वर्षानं बघू" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डोळा नीट मिटत असेल तर थांबता येतं, बुबुळ उघडं पडत असेल तर नाही. ऑपरेशन होईपर्यंत दिवसा डोळा ओला ठेवायचा ड्रॉप, रात्री मलम, चुकवायचं नाही.

ग्राफ्टसाठी कानामागची कातडी घेतो असं डॉक्टरांनी म्हटल्यावर बरेच जण "मांडीचीच घ्या की" म्हणून अडून बसतात, पण कानामागची पातळ असते आणि रंगाला जुळते, खालच्या पापणीला तर पूर्ण जाडीची, म्हणजे सगळ्या थरांसकट काढलेली कातडी लागते कारण ती कमी आखडते. आणि ऑपरेशननंतर पापणी मोठी, लोंबलेली दिसली म्हणून घाबरू नका, ग्राफ्ट पुढं आखडणार हे धरूनच तो मुद्दाम जादा बसवलेला असतो. दोन्ही पापण्या काही दिवस एकमेकींना शिवतात तेही त्यासाठीच.

पहिले ५ ते ७ दिवस पट्टी उचकटून बघायची नाही. नवीन कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालून नवीन रक्तनळ्या शिरेपर्यंत ती जरा जरी सरकली किंवा खाली रक्त साठलं तरी मरते. विडी-सिगारेट बंद, तंबाखू पण, निपाणीकडच्या माणसाला हे सांगणं अवघड जातं पण निकोटिननं रक्तनळ्या आकसतात. वास, पू, वाढतं दुखणं, अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघू नका.

टाके निघाले म्हणजे झालं असं समजून ऊसतोडीच्या गडबडीत लोक परत येतच नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हापासून मसाज महिनोन्महिने करायचा असतो, व्रण ६ ते १२ महिने आखडत राहतो, कधी दुसरा ग्राफ्टही लागतो.

आणि खर्चाला भिऊन घरी बसू नका. आयुष्मान कार्ड आहेच, शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केलीय. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर हॉस्पिटलच्या योजनेच्या काउंटरवर कागद कुठले लागतात आणि हे ऑपरेशन बसतंय का, ॲडमिट व्हायच्या आधीच विचारून घ्या.