सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये घरच्यांना आणि मित्रांना घेऊन जेवायला जाताना

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी घरात भारतातून आई-वडील, मावशी किंवा भाचरे आली, की बाहेर जेवायला कुठे जावे हा प्रश्न लगेच उभा राहतो. एकजण शुद्ध शाकाहारी असतो, एकाला मासळीशिवाय चालत नाही, मुलांना शेवया हव्या असतात आणि सोबत येणारा कार्यालयातला मलय मित्र हलाल नसलेले काही खात नाही. एकाच स्वयंपाकघराच्या उपाहारगृहात अशा मंडळींपैकी कोणाला तरी मन मारून जेवावे लागते. हॉकर सेंटरमध्ये ती वेळ येत नाही, कारण तिथे प्रत्येक गाळ्याचा स्वयंपाक वेगळा असतो आणि बसण्याची जागा मात्र सर्वांची एकच असते. परंतु त्यासाठी थोडी आखणी लागते. ज्याने त्याने आपापले पाहून घ्यावे असे ठरवून गेल्यास अर्धी मंडळी जेवून उठतात आणि उरलेली अजून रांगेतच उभी असतात.

ही केंद्रे कशी निर्माण झाली हे पाहुण्यांना आधी सांगावे, म्हणजे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रस्त्यावर गाड्या लावून खाद्यपदार्थ विकणाऱ्या फेरीवाल्यांना पाणी, मोरी आणि छप्पर मिळावे म्हणून सरकारने 1970 च्या दशकात आणि 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना बांधीव केंद्रांत हलवले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे शहरभर आहेत, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्याकडे ‘बाहेरचे खाणे’ म्हटले की ज्येष्ठांच्या मनात जी शंका येते, ती एवढ्या माहितीने बरीच कमी होते.

केंद्राची निवड मंडळी पाहून करावी, प्रसिद्धी पाहून नव्हे. पहिल्याच खेपेला सत्तरीच्या आजी-आजोबांना मॅक्सवेल फूड सेंटरच्या चिकन राइसच्या लांबलचक रांगेपाशी नेणे मला योग्य वाटत नाही. चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे गाळ्यांच्या संख्येने सर्वांत मोठे केंद्र असून खाण्याचे गाळे वरच्या मजल्यावर आहेत. तिथे नवख्या माणसाला आपले टेबल पुन्हा सापडणेही अवघड जाते. लिटल इंडियातील टेक्का सेंटर तळमजल्यावर आहे, शेजारीच भाजी-मासळीचा बाजार आहे, डोसा, आप्पम आणि प्राटा मिळत असल्यामुळे कोणी उपाशी राहण्याची भीती नसते, आणि चिनी व मलय पदार्थही तिथेच चाखता येतात. शाकाहारी मंडळी अधिक असतील, तर क्वीन स्ट्रीटवरील आल्बर्ट सेंटर सुचवावेसे वाटते. तिथून जवळच वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान इम देवीचे चिनी मंदिर आणि श्रीकृष्णाचे मंदिर शेजारी शेजारी उभे आहे, आणि दोन्हींच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे त्या परिसरात शाकाहारी खाण्याची सोय चांगली आहे. संध्याकाळी केवळ गप्पांसाठी मित्रांसह जायचे असेल, तर 1894 मधील लोखंडी बांधणीच्या लाउ पा सात येथे जावे. दिवस मावळला की लगतचा बून टाट स्ट्रीट वाहनांसाठी बंद होतो आणि तिथे साते, म्हणजे काडीला ओवलेले मांसाचे तुकडे, भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. इतर केंद्रांपेक्षा तिथे पैसे थोडे अधिक पडतात, हे मात्र आधी लक्षात घ्यावे.

वेळेबाबत काटेकोर राहावे. कार्यालयांच्या भागातील केंद्रांत दुपारी बारा ते दीड या वेळेत टेबल मिळणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून अकरा-साडेअकराला पोहोचणे उत्तम. दुपारी उशिरा जाण्याचा विचार करू नये, कारण चांगल्या गाळ्यांवरचे पदार्थ दोनच्या सुमारास संपतात आणि ते गाळे तिथेच आवरते घेतात. सोमवारी अनेक गाळे बंद असतात. याशिवाय प्रत्येक केंद्र ठरावीक काळाने सफाईसाठी पूर्ण बंद ठेवले जाते आणि त्या तारखा नॅशनल एन्व्हायर्न्मेंट एजन्सी ही सरकारी संस्था आधीच जाहीर करते, म्हणून निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

पोहोचल्यावर पहिले काम टेबल धरण्याचे. सिंगापुरी बोलीत यास ‘चोप’ करणे म्हणतात: टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट, छत्री किंवा कार्यालयाचे ओळखपत्र ठेवले, की ती जागा घेतलेली आहे असे सर्व जण मानतात. दुसऱ्याचे पाकीट उचलून आपण बसणे हा उघड असभ्यपणा ठरतो. तरीही आठ-दहा जणांचे कुटुंब असताना गर्दीच्या वेळी दोन टेबले पाकिटे टाकून अडवण्यापेक्षा आजी-आजोबांना आणि लहान मुलांना तिथे बसवणे अधिक बरे. जागाही राहते आणि त्यांचे पायही दुखत नाहीत. ही केंद्रे वातानुकूलित नसतात, म्हणून पंख्याखालचे टेबल निवडावे. टेबलाचा क्रमांक असेल तर तो पाठ करावा, कारण काही गाळेवाले पदार्थ टेबलापर्यंत आणून देतात. कागदी रुमाल गाळेवाले सहसा देत नाहीत, ते घरूनच न्यावेत.

त्यानंतर लगेच रांगेत उभे राहू नये. दोघांनी संपूर्ण केंद्रातून एक फेरी मारावी आणि परत येऊन कोणी काय आणायचे ते वाटून घ्यावे. साते भाजायला वेळ लागतो आणि त्याच्या काड्या बहुधा किमान दहा मागवाव्या लागतात, म्हणून ती मागणी सर्वांत आधी नोंदवावी. परतलेल्या नूडल्स निवल्या की चिकटून गोळा होतात, म्हणून त्या शेवटी आणाव्यात आणि आधी संपवाव्यात. सहा माणसांसाठी सहा ताटे मागवण्याची आपली सवय इथे सोडावी. प्रथम चार पदार्थ मध्ये ठेवून सर्वांनी चाखावेत आणि जे आवडेल ते पुन्हा मागवावे. बहुतेक पदार्थ लहान, मध्यम आणि मोठ्या मापात मिळतात व त्यांचे दर फलकावरच लिहिलेले असतात. गाळ्यावरील माणसाला वयानुसार ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणावे. इथेही तीच रीत आहे.

शाकाहारी मंडळींसाठी अधिक काळजी घ्यावी लागते, आणि माझ्या मते साऱ्या आखणीचा कस इथेच लागतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. भाजी म्हणून समोर आलेल्या कांगकुंगमध्ये बेलाचान असते. जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून आणि वाळवून ते करतात. साम्बाल चटणीत बहुधा तेच असते. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस पडते, सूपचा आधार अनेकदा इकान बिलिसचा, म्हणजे मांदेलीच्या कुळातील सुकवलेल्या छोट्या माशांचा असतो, आणि चार क्वे तियाओसारख्या परतलेल्या नूडल्सना डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. फळे-काकडीचे म्हणून निर्धास्तपणे घेतलेल्या रोजाकच्या काळ्या रसातही कोळंबीचा अर्क असतो. चिकन राइसमधला नुसता भात मागितला तरी उपयोग नाही, कारण तो कोंबडीच्या रश्शात आणि चरबीत शिजवलेला असतो. ‘कॅरट केक’ या नावाने मिळणाऱ्या पदार्थात गाजर नसून तांदळाचे पीठ व पांढरा मुळा असतो, पण तो अंड्यात परततात. म्हणून मांस, मासा, कोळंबी, अंडे आणि ऑयस्टर सॉस यांची नावे एकेक करून घ्यावीत आणि ती चालत नाहीत असे स्पष्ट सांगावे. इंग्रजी बहुतेक ठिकाणी कळते. मात्र कढई तीच वापरली जाणार हे गृहीत धरावे, आणि ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी पूर्णतः शाकाहारी गाळाच शोधावा.

असे गाळे बहुतेक मोठ्या केंद्रांत असतात. चिनी शाकाहारी गाळे बौद्ध परंपरेतले असल्याने तिथे सहसा कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन स्नेह्यांची किंवा चातुर्मास पाळणाऱ्या घरच्यांचीही बरीच सोय होते. अंडे व दूध यांविषयी मात्र विचारून घ्यावे. सकाळच्या वेळी तिथे बी हून, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवया मिळतात, आणि कोबी, तोफू, मशरूम असे बोट दाखवून त्यावर हवे ते घालून घेता येते. त्याच गाळ्यावर हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडेही मांडलेले असतात. ते सोयाबीनचे किंवा गव्हातील प्रथिनाचे असतात हे आईला ताट समोर येण्याआधी सांगावे, नाही तर ती घास तोंडाजवळ नेणार नाही. आणि सांगूनही नकोसे वाटले तर आग्रह करू नये. चिनी पंचांगातील महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात, त्यामुळे या गाळ्यांवर त्या दिवशी मोठी रांग असते. हे दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतात, तेव्हा बेत ठरवताना घरातले कालनिर्णय पाहून घेतले तरी अंदाज येतो.

कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या मंडळींची चिंता करण्याचे कारण नाही. केळीच्या पानावर साम्बाल लावून भाजलेले पाकट, सोबत छोट्या आंबट लिंबाचा रस, हा पदार्थ त्यांना हमखास आवडतो. होक्कियन मीमध्ये कोळंबीच्या सालांचा रस्सा नूडल्समध्ये मुरवलेला असतो, आणि लाक्सा या रस्सेदार नूडल्समध्ये नारळाचे दूध असते. चार क्वे तियाओमधल्या शिंपल्या अर्धवट शिजवलेल्या असतात. ज्येष्ठांसाठी आणि लहानांसाठी त्या वगळायला सांगाव्यात.

सोबत मुस्लीम मित्र असेल तर काय चालते हे त्यालाच आधी विचारावे. हलाल प्रमाणपत्राचा फलक गाळ्यावर लावलेला असतो. सर्वांनी मिळून खायचे पदार्थ, जसे साते, नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात) किंवा मुर्ताबाक (सारण भरलेला पराठा), हलाल गाळ्यांवरून आणावेत. डुकराचे मांस घ्यायचेच असेल, तर ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे आणि हलाल गाळ्याच्या थाळीला किंवा चमच्याला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. कोणी स्पष्ट बोलून दाखवत नाही, पण ही जाणीव ठेवणाऱ्या घराबरोबर मित्र पुन्हा आनंदाने येतो.

पेये स्वतंत्र गाळ्यावर मिळतात. नुसते ‘तेह’ मागितल्यास आटवलेल्या गोड दुधाचा चहा येतो, जो आपल्या ज्येष्ठांना फार गोड वाटतो. त्यांच्यासाठी ‘तेह सी’ मागावा, म्हणजे बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि वरून साखर येते. ‘सिउ दाई’ जोडल्यास साखर कमी पडते आणि ‘कोसोंग’ म्हटल्यास अजिबात पडत नाही. मधुमेही माणसाला हे दोन शब्द शिकवून ठेवावेत. आल्याच्या चहाची सवय असलेल्यांना भारतीय मुस्लिमांच्या गाळ्यावरचा ‘तेह हालिया’ आपलासा वाटेल. कॉफीसाठी हेच शब्द ‘कोपी’ला लावावेत, ‘कोपी ओ’ म्हणजे दुधाविना साखरेची. उन्हाच्या दिवशी मुलांसाठी लिंबू घातलेला उसाचा रस घ्यावा.

पैशांसाठी दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात. क्यूआर संकेतावर बहुतेक गाळे पैसे घेतात, परंतु काही वृद्ध गाळेवाले अजूनही रोखच मागतात. फलकावरचा दर हाच अंतिम असतो. मोठ्या उपाहारगृहांत दरापुढे जी दोन अधिक चिन्हे असतात आणि ज्यांमुळे 10 टक्के सेवाशुल्क व 9 टक्के जीएसटी वाढतो, तो प्रकार इथे नाही, आणि बक्षिसीही द्यायची नसते. प्रत्येक जण वेगवेगळ्या गाळ्यावर पैसे भरत असल्याने हिशेबाचा गोंधळ होतो, म्हणून घरच्यांचा खर्च एकाने करावा आणि मित्रांमध्ये एकाने पेये, दुसऱ्याने साते, तिसऱ्याने गोड अशी वाटणी करावी.

गोडासाठी पुतु पिरिंग दिसले तर सोडू नये. तांदळाच्या पिठीत माडाचा गूळ भरून वाफवतात आणि खोबऱ्यासोबत गरम देतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनाही ते चालते. किसलेला बर्फ आणि नारळाचे दूध घातलेले चेंडॉलही चांगले, पण ते भरभर वितळते.

जेवण झाल्यावर ट्रे आणि भांडी स्वतः नेऊन ठेवणे बंधनकारक आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये या नियमाची अंमलबजावणी होते. पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते आणि पुन्हा तसेच आढळल्यास 300 डॉलरचा दंड होऊ शकतो. पाहुण्यांना हे ठाऊक नसते आणि ते ताट तसेच ठेवून उठतात, म्हणून घरातील तरुणांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. ट्रे ठेवण्याची मांडणी हलाल आणि इतर अशी वेगळी असते, ती पाहूनच ट्रे ठेवावेत. वापरलेले कागदी रुमाल आणि नळ्याही ट्रेमध्येच घालाव्यात, आणि टेबलावर रस्सा सांडला असेल तर तो टिपून घ्यावा, कारण गर्दीच्या वेळी पुढचे कुटुंब त्याच जागेवर लगेच बसणार असते.