सरपण विकत घ्यायचं की स्वतः तोडायचं? या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लाकडाचा टेम्पो वाडीत शिरला की समजायचं, ज्यांची पडवी अजून रिकामी आहे ते आता सापडले. आभाळ भरून आलेलं असतं. विकणाऱ्याला घाई नसते, घेणाऱ्याला असते. मी असा दोनदा सापडलोय, एकदा विकत घेऊन आणि एकदा स्वतः तोडून. दोन्ही वेळा पस्तावलो, कारण पैशाचा हिशेब केला होता, महिन्यांचा केला नव्हता.

इथे जे लिहितोय ते कोकणातल्या दापोलीकडच्या घरांचं आहे. आमच्याकडे गॅस आहे, तरी न्हाणीत अंघोळीचं पाणी तापवायचं चुलाण रोज पेटतं, भाकरी चुलीवरच होते आणि गणपतीत माणसं वाढली की मागच्या दारी तीन दगडांवर टोप चढतो. घाटावर बाभळीच्या फाट्यावर भागवणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, सगळं नाही.

किती लागतं हेच माहीत नसणं

"दोन टेम्पो लागतात" हे उत्तर नव्हे. टेम्पो केवढा, भरला कसा, लाकूड कुठलं? सोपा उपाय म्हणजे आठवडाभर रोज सकाळी चुलीजवळ काढलेली लाकडं ताणकाट्याला लावून वजन लिहून ठेवायचं. समजा दिवसाला सहा किलो निघाली, तर पावसाळ्याच्या १२० दिवसांना ७२० किलो. त्यात गणपतीचे दिवस वेगळे धरा. हे माझे आकडे, तुमचे तुम्ही काढा. पण असं मोजणाऱ्या माणसाला टेम्पोवाला फसवू शकत नाही.

आणि मोजताना लाकडाशिवाय काय काय जळतं तेही बघा. आमच्याकडे न्हाणीचं निम्मं पाणी सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) आणि पातेऱ्यावरच (वाळक्या पानांवर) तापतं, हे मला वजन करेपर्यंत कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही तेवढं लाकूड जास्तीचं घेत होतो आणि सोडणं मागे कुजत होती.

गॅसशी तुलना न करता विकत घेणं

ढोबळ हिशेब असा. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते, तर वाळलेल्या लाकडात साडेतीन हजारांच्या आसपास. पण खरा फरक चुलीत पडतो. साध्या तीन दगडी चुलीत शंभरातली दहा-पंधराच उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीवर साठच्या घरात. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरइतकं काम करायला सव्वादोनशे किलो वाळलेलं लाकूड लागतं. तुमच्याकडचा लाकडाचा भाव २२५ नं गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवा. बऱ्याच ठिकाणी दिसेल की रोजच्या स्वयंपाकासाठी लाकूड विकत घेणं हा तोट्याचा धंदा आहे. हौसेला, भाकरीच्या चवीला किंवा पन्नास माणसांच्या टोपाला विकत घ्या, ते ठीक. रोजच्या चहाला नको.

पाणी तोलून घेणं

विकत घेताना होणारी ही सर्वांत महाग चूक. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. समजा शंभर किलोत ४५ किलो पाणी आहे. उरलं ५५ किलो लाकूड. ते वाळून जाळण्याजोगं झालं, म्हणजे पाणी वीस टक्क्यांवर आलं, की काट्यावर ६९ किलो भरतं. एकतीस किलोचे पैसे तुम्ही हवेला दिलेत. शिवाय ओलं लाकूड तसंच चुलीत घातलंत तर आधी ते पाणी उकळून घालवायला लाकडाचीच उष्णता खर्ची पडते, आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो तो वेगळाच.

ओळखायचं कसं? दोन खांडकी एकमेकांवर आपटा. वाळलेली खणखणीत वाजतात, ओली बद्द. टोकांना मधोमध निघून बाहेर जाणाऱ्या भेगा हव्यात, साल नखानं सुटायला हवी. मात्र विकणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो वरची रांग वाळलेली लावतो. मधलं एखादं खांडकं ओढून काढा, तिथल्या तिथे कुऱ्हाडीनं फोडा आणि आतला भाग गालाला लावा. ओलं असेल तर गार लागतं. हात लावून कळत नाही, गालाला लगेच कळतं. टेम्पोवाला हसेल, हसू द्या.

वजनाऐवजी टेम्पोच्या मापानं घेत असाल तर लाकडं रचलेली आहेत की टाकलेली, ते बघा. आडवी-तिडवी टाकलेली असली की निम्म्याहून जास्त जागा पोकळ असते. "जरा रचून दाखव" म्हटलं की भरलेला टेम्पो एकदम पाऊण होतो.

जातीचंही बघा. वजनावर घेताना ऐन, किंजळ, सुरू किंवा आकेशिया मिळालं तर उत्तम. सावर, पांगारा असली हलकी लाकडं भर्रकन जळून जातात, त्यांचा निखारा राहत नाही. भाकरीला निखारा लागतो. बिब्ब्याचं लाकूड मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याच्या चिकानं अंगावर फोड उठतात आणि धूरही बाधतो.

"झाड माझं, जमीन माझी"

हे बोलून कुऱ्हाड उचलणारे दरवर्षी कोणी ना कोणी अडकतात. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे, आणि त्याच्या अनुसूचीतली झाडं खासगी मालकीच्या जागेतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. या यादीत साग, चंदन, खैर तर आहेतच, पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ हीदेखील आहेत. म्हणजे कोकणात बांधावर जे जे उभं असतं त्यातलं बरंचसं. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावी न्यायचं तर वाहतूक पास लागू शकतो. काही जातींना सूट असते. आधी वनपालाला विचारा, मग करवतवाल्याला बोलवा. उलट क्रमानं केलं की दोघांचेही पैसे भरावे लागतात. छाटणीच्या फांद्या, वाळून पडलेल्या काटक्या, बागेतलं ग्लिरिसिडिया यांवरच बऱ्याच घरांचं वर्ष निघू शकतं, हे कोणी ध्यानात घेत नाही.

फुकटच्या लाकडामागे धावणं

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकलं आणि दापोली, मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या परसात आंब्याची दोन कलमं, एक फणस आणि पाच माड पडले. लोक रडत होते, मीही रडत होतो, पण मनाच्या एका कोपऱ्यात एक लाजिरवाणा विचार होता: चला, तीन वर्षांचं सरपण झालं.

झालं नाही. पहिलं म्हणजे पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावायचा नव्हता, नाहीतर भरपाई बुडाली असती. तेवढ्यात पाऊस लागला. मग करवतवाला मिळेना, सगळ्या तालुक्यात झाडंच झाडं आडवी. तो आला तेव्हा मी शहाणपणा करून त्याला आधी माडांवर घातला. माडाच्या खोडाची बाहेरची बाजू इतकी कठीण असते की करवतीची साखळी बघता बघता बोथट होते, आणि आतला गाभा स्पंजासारखा. पाणी धरून ठेवतो, नीट जळत नाही. दिवसाचे पैसे गेले आणि हाताला आल्या जळायला कुचकामी माडाच्या चकत्या.

आंब्याचे ओंडके मग मी ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवले. पावसापासून वाचवले, असं मला वाटलं. दिवाळीला ताडपत्री सोडली तर आत पांढरी बुरशी आणि अळंब्या. बोटानं दाबलं तर साल आत जात होती. कलमाचं लाकूड मुळातच लवकर कुजतं, त्याला मी चार महिने ओल्या पोत्यात कोंडल्यासारखं केलं होतं. ताडपत्री फक्त डोक्यावर हवी, कडा उघड्या हव्यात, वारा आरपार जायला हवा आणि खाली दगडांवर आडवे वासे टाकून लाकूड जमिनीपासून वीतभर उचललेलं हवं. तेव्हा हे सांगणारे शेजारचे भाऊकाका होते, पण त्यांचं ऐकायला मी घरातच नव्हतो, मुंबईला गेलो होतो.

आणि फणस? तो मी फोडला. फणसाचं पिवळं लाकूड दारं-खिडक्यांना, पेट्यांना, वाद्यांना चालतं. बुंधा सरळ होता. सॉ मिलवाल्याला दाखवला असता तर त्या पैशात ऐनाचं वाळलेलं सरपण आलं असतं. भाऊकाकांनी चुलीत ती पिवळी ढलपी बघितली आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

स्वतः तोडताना

दिवाळी ते माघ हा काळ धरा. फेब्रुवारीपर्यंत तोडून, फोडून, रचून झालं तर तीन-चार महिन्यांचं ऊन आणि वारा मिळतो. एप्रिलच्या शेवटी तोडलेल्या जाड ओंडक्याला तो मिळत नाही, मग तो कितीही फुकटचा असो. विकत घेणाऱ्यांनीही हेच महिने धरावेत. मी हल्ली फेब्रुवारीत ओलं लाकूड ओलं म्हणूनच, भाव पाडून घेतो आणि घरी वाळवतो.

तोडलं की लगेच फोडा. साल ओल बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे अख्खा ओंडका सहा महिने उन्हात पडला तरी आतून ओलाच राहतो. शिवाय ऐनासारखं लाकूड ओलं असताना फुटतं, सुकल्यावर कुऱ्हाड उसळते. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नका. कडेनं ढलपे काढत आत या. गाठ आली तर ती तशीच ठेवा. गणपतीच्या टोपाखाली रात्रभर धुमसायला गाठीसारखं दुसरं काही नाही.

चेनसॉ भाड्यानं आणणार असाल तर दोन गोष्टी. बारीक पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली. धारदार साखळीतून जाडसर कीस पडतो. बोथट करवत माणूस जोरानं दाबतो आणि अपघात तिथेच होतो. पात्याचं टोक कशाला टेकलं तर करवत उलटून तोंडावर येते. दुसरी गोष्ट, पडलेल्या झाडाची वाकलेली फांदी ही ताणलेल्या धनुष्यासारखी असते. आमच्या कलमाची मांडीएवढी फांदी मी चुकीच्या बाजूनं कापली. ती सुटून माझ्या कानाशेजारून गेली आणि मागच्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चार दगड पाडून थांबली. त्यानंतर पडलेलं झाड कापायला मी माणूस लावतो. मजुरी वाचवायची ती फोडण्यात आणि रचण्यात, झाड पाडण्यात नाही.

रचणं

भिंतीला चिकटवून रचू नका, वाळवी आधी लाकडात आणि मग वाशांत शिरते. हातभर जागा सोडा. आणि कोकणात असाल तर पावसाळ्यात सरपणाच्या राशीत उघडा हात घालू नका. फुरसं हा विषारी साप फूट-दीड फूटच असतो, लाकडाच्याच रंगाचा, आणि कोरड्या जागेच्या शोधात तोही तिथेच आलेला असतो. आधी काठीनं खडखडवायचं, मग वरून एकेक काढायचं. पोरांना सरपण आणायला पाठवू नका. चावलंच तर जखम कापणं-चोखणं, मांत्रिक यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

आता बिघडलंच असेल तर

लाकूड धुमसतंय आणि टोकातून फेस येतोय: ओलं आहे. त्याला फुंकून उपयोग नाही. बोटाएवढ्या जाडीचं फोडा आणि करवंट्यांच्या जाळावर घाला.

राशीखाली पिवळसर पीठ पडतंय: भुंगेऱ्यांनी पोखरलं. जळायला चालतं, पण तेच आधी संपवा आणि घराच्या लाकूडकामापासून लांब न्या.

तडतडून ठिणग्या उडतायत: काही जातींत हे असतंच. ते न्हाणीच्या चुलाणात वापरा, जिथे खाली माती आहे आणि जवळ गोधडी नाही.

श्रावणात सगळंच सर्द झालंय: उद्याची लाकडं आज रात्री चुलीच्या दोन्ही बाजूंना उभी करून ठेवा, विस्तवापासून हातभर लांब. जुन्या घरांत चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते, ती त्यासाठीच. नवं घर बांधताना आम्ही ती काढून टाकली होती. गेल्या जूनमध्ये पुन्हा बांधून घेतली, आणि आईनं त्यावर पहिल्याच दिवशी सरपण न ठेवता कोकमाची सोलं वाळत घातली.