कथाकल्पनेवर मत देताय? या चुका टाळा

पटकथेला हात घालण्याआधी लेखक दोन ओळींची कथाकल्पना पाठवतो आणि विचारतो, "कशी वाटते?" दोष इथेच सापडला तर शंभर-सव्वाशे पानांची मोडतोड वाचते. पण मत देणारा चुकला, तर चांगली गोष्टही इथेच मरते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेखकाला आपलाच सिनेमा सांगत सुटणं. समजा, कल्पना अशी आहे: खुनाच्या खटल्यातली चिठ्ठी तपासताना एका हस्ताक्षरतज्ज्ञ बाईंना त्यात स्वतःच्या मुलाचं अक्षर दिसतं. वाचताक्षणी आपलं डोकं धावू लागतं. मुलगा निर्दोष असेल, वकीलच खुनी निघेल... "मुलाऐवजी नवरा घे ना!" ही सूचना नव्हे, ही दुसरीच गोष्ट झाली. नवशिका लेखक भिडेखातर ती लिहायला घेतो आणि तिसाव्या पानावर अडकतो, कारण ती त्याची नसतेच.

त्यापेक्षा प्रश्न विचारा. बाई हे काम सरळ नाकारू शकतात, मग नाकारत का नाहीत? खोटा अहवाल दिला, तर तो कोणाला पकडता येईल? या कल्पनेत पेच झकास आहे, पण बाई नेमकं काय करतात हे कुठेच नाही, आणि त्यांच्या विरोधात उभं राहणारं माणूसही नाही. पेच पहिल्या वीस मिनिटांत संपतो, पुढचा दीड तास कृतीवर चालतो. ही उणीव प्रश्नातून दिसली की उत्तर लेखक स्वतः शोधतो, आणि ते बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बरं असतं.

"हे आधी येऊन गेलंय" हे वाक्य तर फारच स्वस्त झालंय. नेमकं काय येऊन गेलंय? सुरुवातीची परिस्थिती, मधलं वळण की शेवट? नुसती परिस्थिती जुनी असेल तर काही बिघडत नाही. वळण आणि शेवट दोन्ही जुळत असतील, तर मात्र स्पष्ट सांगा.

कधीकधी लेखक आणि मत देणारा भांडतात ते कथाकल्पनेसाठी वापरल्या जाणाऱ्या 'प्रिमाइस' या इंग्रजी शब्दामुळे. नाट्यलेखन शिकवणारे लायोश एग्री यांनी १९४६ च्या त्यांच्या पुस्तकात 'प्रिमाइस' म्हणजे नाटक जे सिद्ध करतं ते विधान, असं मांडलं. बेफाम महत्त्वाकांक्षा स्वतःचाच नाश करते, या धर्तीचं. सिनेमावाले मात्र प्रिमाइस म्हणतात तेव्हा बहुधा 'कोण, कशात सापडतो' एवढंच विचारत असतात. लेखकाने विधान पाठवलं आणि तुम्ही नायक शोधत बसलात, तर दोघांचाही वेळ वाया. आधी विचारून घ्या.

शुद्धलेखन, पात्रांची नावं, बजेट यांवर आत्ता बोलू नका. भयपट तुम्हाला मुळात सोसत नसतील, तर तेवढं आधीच कबूल करा. आणि नुसतं "मस्त आहे" म्हणणं तर बोलण्याचं टाळणंच.

काय बोलावं ते सुचत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. कागद बाजूला ठेवा आणि कल्पना आठवेल तशी लेखकाला सांगा. जे गळलं ते बहुधा कच्चं होतं; जे तुम्ही नकळत पदरचं घातलं, तिथे मूळ मजकुरात भोक होतं. तुमच्या कोणत्याही मतापेक्षा हे ऐकणं लेखकाला जास्त उपयोगी पडतं.

लेखक चिडून दहा मिनिटं खुलासा करायला लागला, तरी त्याला तोडू नका. "अहो, पण त्या मुलाला अक्षर बाईंनीच गिरवून गिरवून शिकवलंय, दोघांचं अक्षर सारखंच आहे!" असं काहीतरी त्या भरात निघून जातं. म्हणजे संशय बाईंवरही येऊ शकतो, आणि याचा पाठवलेल्या दोन ओळींत पत्ताच नव्हता. ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घ्या आणि म्हणा, "हे लिहून पाठव."