इख उतरवायला हळद? विषबाधेत या चुका टाळा

फेब्रुवारीत आमच्या वसमत भागात हळदीची काढणी जोरात असते. आधी पाला कापायचा, मग गड्डे उपटायचे. दोन वर्षांपूर्वी पाल्याचा ढीग उचलताना काकूच्या उजव्या हाताला घोणस चावली. "आधी हळद लावा रे, इख ओढून घेती ती," आज्जी शेतातल्या आखाड्यावरून ओरडली. ओली हळद पायाशीच पडलेली होती. दगडावर ठेचली, मनगटापासून कोपरापर्यंत जाड थापली आणि वरून लुगड्याची चिंधी गुंडाळली. मोटारसायकल निघाली तोवर पाऊण तास गेला होता.

दवाखान्यात सिस्टरनी सगळ्यात आधी तो हात धुवायला घेतला. कितीही धुतला तरी पिवळाच. सूज कुठवर चढली हे पाहायला डॉक्टर पेनाने कातडीवर रेघ मारतात, कातडी काळी-निळी पडतेय का ते बघतात. हळदीच्या रंगात यातलं काही नीट दिसेना. चिंधीखाली बांगड्या तशाच राहिल्या होत्या आणि सुजेत रुतल्या होत्या, त्या कापून काढाव्या लागल्या. मग काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवली. वीस मिनिटांनी ती तिरपी केली, तर साकळायला हवं होतं ते रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणसीचं विष रक्त गोठू देत नाही, त्याची ही खूण. लगेच सापाचं इंजेक्शन सुरू झालं. काकू वाचली, पण मूत्रपिंडांना मार बसल्यामुळे नांदेडला डायलिसिसवर राहावं लागलं. हळद ठेचणारे हात माझे होते, म्हणून हे लिहितोय.

लेप लावण्यात वेळ घालवणं

साप विष कातडीवर ठेवत नाही, दातांनी आत सोडतो. तिथून ते लसिकावाहिन्यांतून आणि रक्तातून पुढं जातं. वर थापलेली हळद त्याला परत ओढून आणू शकत नाही. अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाचं इंजेक्शन, थेट शिरेत जातं आणि रक्तात फिरणारं विष बांधून टाकतं. आधीच झालेली इजा मात्र त्यानं भरून निघत नाही, म्हणून दर मिनिटाला किंमत आहे. हे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

लेपाऐवजी काय करायचं? अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोडा, जे घट्ट होईल ते आधी उतरवा. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका. सुतळीनं करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा, फक्त माणसाला चालवत नेऊ नका.

"पण हळद विषावर चालते असं शास्त्रच सांगतं," हे मला अजूनही ऐकवलं जातं. चरकसंहितेतल्या दहा विषघ्न द्रव्यांत हळद आहे, वेलचीही आहे, हे खरंच. १९९२ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी हळदीतला एक घटक वेगळा काढून तिकडच्या सापांच्या विषावर उंदरांमध्ये तपासला आणि त्याचा काही परिणाम दिसला, हेही खरं. पण तो शुद्ध केलेला घटक होता, प्रयोगशाळेत मोजून वापरलेला, आणि ते साप आपल्याकडे आढळतही नाहीत. त्यावरून दगडावर ठेचलेल्या हळकुंडाला घोणसीचा उतारा म्हणता येत नाही.

आणखी एक दाखला लोक देतात, अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटचा. ते १९९५ साली दिलं गेलं, भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळद पिकवणारा म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. पण तो वाद जखम भरून येण्याबद्दलचा होता, विषाचा त्यात काही संबंध नव्हता. बोट कापलं तर धुऊन हळद लावणारी माणसं आमच्या घरात आजही आहेत, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तिखट चारून विष ओळखणं

मिरची तिखट लागली नाही किंवा कडुलिंबाचा पाला गोड लागला की विष चढलंय, ही परीक्षा गावोगाव चालते. मण्यार इथंच फसवते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आग होत नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. मिरची तिखट लागते, घरचे निर्धास्त झोपतात आणि काही तासांनी पापण्या जड होतात, पोटात दुखतं, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. अशा वेळी तोंडात घातलेलं तिखट श्वासनलिकेत जाऊ शकतं. पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखीनं उठलं आणि डोळे उघडता येईनात, तर साप पाहिला नसला तरी दवाखाना गाठा.

फवारणीनंतर मोहरीचं पाणी आणि हळदीचं दूध

कपाशीवर औषध मारताना मळमळलं, तोंडाला लाळ सुटली, घामानं अंग भिजलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, की घरातून मोहरी किंवा मीठ कालवलेलं पाणी येतं, उलटी व्हावी म्हणून. हे अजिबात करू नका. अंगावर उडालेलं औषध कातडीतून आणि श्वासातून आत गेलेलं असतं, ते उलटीनं निघत नाही. पोटात गेलं असेल तरी पातळ कीटकनाशकांत बहुतेक वेळा रॉकेलच्या जातीचं द्रावण असतं. उलटी होताना ते फुप्फुसात उतरलं तर दुसरंच संकट उभं राहतं. जास्त मिठाचं पाणी तर स्वतःच जीव घेऊ शकतं. दूध-तुपाचाही उपयोग नाही, स्निग्ध पदार्थांबरोबर काही औषधं अंगात लवकर शोषली जातात.

कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवा. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी. मग दवाखाना गाठा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी फुप्फुसात पाणी साचतं आणि ते आटवायला अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, कधी कधी तासन् तास, पुन्हा पुन्हा.

विंचवाला हिंग

साध्या विंचवाची नुसती वेदना काही तासांत कमी होतेच, त्याचं श्रेय हिंगाला किंवा हळदीला मिळतं. लाल विंचू वेगळा. खूप घाम, उलट्या आणि हातपाय गार, ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं. लेकरांना यात फार धोका असतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड भागात अशा रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि त्यानं असंख्य जीव वाचले. आपल्याच मातीतल्या माणसाचं काम जगभर वापरलं जातं, आणि आपण अजून हिंग उगाळतोय, याचं मला वाईट वाटतं.

दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या, रिकामा असला तरी. त्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणावरून विषाची तीव्रता कळते, आणि उतारा कोणता ते लेबलवर छापलेलं असतं. साप असेल तर तो मारून पिशवीत नेण्याची गरज नाही. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर थांबू नका. चावा कधी झाला ती वेळ हातावर पेनानं लिहून ठेवा. आणि घरच्या कुणी हळद, मोहरी, जडीबुटी काही दिलंच असेल, तर रागावतील म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.