जुनी फियाट घरी उभी करायची? रंगाचं नंतर बघू, आधी पाणी, रबर अन ब्रेक

जुनी गाडी हाती आली की लोकं पहिलं पेंटरकडं पळतात अन सगळा पैसा तिथंच संपवतात, मग चकाचक गाडी दारात उभी अन चालायचं नाव नाय. माझं सांगणं एकच, रंग सगळ्यात शेवटी.

आपल्या मराठवाड्यातल्या गाडीचं दुखणं वेगळं असतंय. कोकणात खारी हवा पत्रा खाते, आपल्याकडं कोरडं, त्यामुळं दहा वर्षं शेडमधी उभी असलेली पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, पण पत्र्यानं बरी निघते. तरी पायातलं मॅट उचलून खालचा पत्रा अन दाराखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघाच, कारण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, सगळा भार बॉडीवरच. अन व्यवहाराआधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बघा, चासी नंबर, इंजिन नंबर जुळवा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते, कागदच नसतील तर कितीही मनात भरली तरी सोडून द्या.

गाडी घरी आली की लगेच बॅटरी लावून सेल्फ मारू नका. चारी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी न्यूट्रलला टाकून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाय, परत तेल सोडा अन दोन दिवस थांबा.

आता कूलिंग, आपल्याकडं खरी मेख इथंच हाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरल्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो, वरून 42-43 डिग्रीचा मे, मग घाटात गाडी उकळणारच. रेडिएटर खाली उतरवून चांगल्या कारागिराकडून टाकी खोलून नळ्या साफ करून घ्या, अन परत भरताना कूलंट अन डिस्टिल्ड वॉटरच. बरेच मेकॅनिक म्हणतात "गाडी तापायली, थर्मोस्टॅट काढून टाका". थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप. नका काढू, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितंय अन झिजतंय पण लवकर. तपासायला सोपं हाय, जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लोंबकळत सोडा, खाली गॅस लावा. पाणी 80-85 च्या आसपास आलं, म्हणजे उकळायच्या बरंच आधी, की मधली चकती हळूहळू वर उचलायला पायजे, अन पाणी निवलं की परत बसायला पायजे. नाय हलली तर नवा टाका.

रबर तर सरसकट बदला. होज पाईप दाबून बघा, कडक लागला किंवा आतून करकर आवाज आला तर गेला तो. पेट्रोलच्या पाईपकडं जास्त लक्ष द्या, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय अन जुनं रबर त्यानं फुगतंय, चिरतंय, गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर आग लागायला वेळ लागत नाय. इथेनॉलला चालणारा पाईपच मागा, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) अन कार्बोरेटरचं किट पण टाका. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तारेनं कोरू नका, भोक मोठं होतंय, हवा मारा.

ब्रेकला चारी ड्रम हायेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाय, घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगमधी (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसाला घातक, ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरचं (चाकातल्या ब्रेकच्या छोट्या सिलिंडरचं) रबरी टोपण उचललं अन आत ओल दिसली की किट बदला, अन ते रबर रॉकेल-डिझेलनं धुवायचं नाय, ब्रेक ऑइलनंच. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलानं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांब असलेलं चाक आधी घ्या.

पार्टसाठी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर मारा, गाडी पण कुर्ल्यातच बनायची, 2000 च्या आसपास बंद झाली. बुश-बिश सारखं साधं काम संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्याच्या लेथवाल्याकडून होतंय, पण नमुना घेऊन जा.

हे सगळं झालं, गाडी भर दुपारी न तापता फिरून आली, की मग रंग. पावसाळ्यात दमट हवेत रंग पांढरट पडतो अन उन्हाळ्यात वावटळीची धूळ बसते, म्हणून दिवाळीनंतरचे दोन महिने धरा.