न्यूरोफीडबॅकने 'मी केलं' ही जाणीव शिकवताय? या चुका टाळा

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूचे संकेत मोजून ते लगेच त्याच माणसाला पडद्यावर दाखवायचे, म्हणजे तो ते बदलायला शिकतो. पडद्यावरचा चेंडू नुसत्या मनाने हलला की समोरचा माणूस हरखतो. त्याच्याहून जास्त हरखतो नवशिका प्रशिक्षक. लगेच वहीत नोंद: 'नियंत्रण आलं.' अहो, थांबा जरा!

माझीच फजिती सांगतो. हात हलवल्याची नुसती कल्पना करायची, मेंदूतली हालचालीशी जोडलेली विद्युत लय, म्हणजे म्यू लय (8 ते 13 हर्ट्‌झ), दबली की चेंडू वर, असा सराव चालला होता. एके दिवशी सहभागी खुशीत म्हणाला, "आज पहिल्यांदाच वाटलं, मीच हलवतोय." संध्याकाळी फाइल उघडली तर घाईघाईत मी भलत्याच माणसाचं जुनं रेकॉर्डिंग लावलेलं. चेंडूचा याच्या ईईजीशी, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत्संकेतांशी, काडीचा संबंध नव्हता!

तेव्हापासून अधूनमधून एक खोटी फेरी, म्हणजे चेंडू दुसऱ्याच्याच रेकॉर्डिंगवर चालणारी, मी मुद्दाम ठेवतो. अशा फेऱ्या असतील हे आधीच सांगून संमती घेतो, कुठली ते सांगत नाही. प्रत्येक फेरीनंतर विचारतो, "0 ते 100 मध्ये, किती तुम्ही हलवलंत?" खऱ्या-खोट्या फेऱ्यांचे आकडे सारखेच येत असतील तर माणूस अजून काही शिकलेला नाही. यात वेळ जातो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी दुसरं काम बघावं.

दुसरं दुखणं उशिराचं. 2002 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वतः कळ दाबली आणि 250 मिलिसेकंदांनी सूर वाजला, तर दोन्ही क्षण एकमेकांकडे सरकल्यासारखे वाटतात. मेंदूला बाहेरून चुंबकीय झटका देऊन बोट हलवलं की उलट ते लांब जातात. मधलं अंतर वाढवलं की ही ओढ सैल पडते. आणि आमची मंडळी आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून दोन-दोन सेकंदांची सरासरी लावतात, म्हणजे चेंडू तेवढा मागे पडतो! मी सरासरीची खिडकी छोटी ठेवतो, चेंडू थरथरला तरी चालेल. एफएमआरआय या मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या स्कॅनमध्ये रक्तप्रवाहाचा प्रतिसादच 4 ते 6 सेकंदांनी शिगेला पोचतो, म्हणून तिथे फेरी संपल्यावर एकदाच गुण दाखवावेत.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. जबडा आवळला की स्नायूंचा विद्युत्संकेत ईईजीत घुसतो, पापण्या मिटल्या की पुढचे इलेक्ट्रोड उसळतात. "जोर लावा" म्हणू नका, माणूस मानच ताठ करतो. कल्पनेऐवजी टेबलाखाली खरीच बोटं हलवणारेही भेटतात आणि त्यानेही म्यू लय दबते, म्हणून कोपर ते मनगट या भागावर स्नायूंचे संकेत टिपणारे दोन इलेक्ट्रोड मी लावतोच.